धोक्याच्या कारखान्याचं तपासणी शुल्क ठरतं कसं? बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखानदारांसाठी

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मी मोटारींच्या नेमप्लेट वाचत फिरत होतो. वर पत्रा तापलेला, कूलर होता पण त्याचा गारवा चार हातांपलीकडे पोचत नव्हता. अर्ध्या नेमप्लेटांवर रंगारी ब्रश फिरवून गेलेला. ओल्या फडक्यानं पुसायचं, नखानं खरवडायचं आणि एकेक आकडा वहीत उतरवायचा: साडेसात, दहा, पाच, पुन्हा साडेसात. कारखान्याच्या लायसन्सवर ८५ एचपी (अश्वशक्ती) लिहिलेले होते. संध्याकाळी माझ्या वहीतली बेरीज २१२ आली.

मालक म्हणाले, "पण भाऊ, दरवर्षी पैसे तर भरतोच ना आपण."

भरत होते, पण ८५ एचपीचे.

या एका वाक्यात शुल्काचं सगळं गणित आहे. कारखाना किती धोक्याचा आहे हे थेट मोजणारं यंत्र कुठल्याच खात्याकडे नाही. म्हणून प्रत्येक खातं मोजता येईल, कागदावर लिहून घेता येईल आणि पुन्हा येऊन पडताळता येईल असा एक आकडा धरतं. त्या आकड्याचा तक्ता करतं आणि तक्त्यासमोर रुपये लिहितं. आपला आकडा कोणता, तो कसा मोजतात आणि कधी बदलतो, हे ज्याला कळलं त्याला शुल्काचं कोडं उरत नाही.

आधी पावत्या वेगळ्या करा

बहुतेक कारखान्यांत 'सरकारी खर्च' नावाची एकच फाईल असते आणि तिच्यात सगळं कोंबलेलं असतं. ती टेबलावर उलटी करा आणि गठ्ठे पाडा.

पहिला गठ्ठा खऱ्या शुल्काचा. कारखान्याचं लायसन्स, प्रदूषण मंडळाची संमती (आपण सगळे तिला 'कन्सेंट'च म्हणतो), बॉयलरची तपासणी, पेसोचा (पेट्रोलियम-स्फोटकांच्या खात्याचा) परवाना. दुसरा गठ्ठा बाहेरच्या तपासणाऱ्यांचा: कॉम्पिटंट पर्सन, सेफ्टी ऑडिटर. यांना राज्य सरकारची किंवा पेसोची मान्यता असते, पण पैसे त्यांच्या खिशात जातात आणि दर बोलून ठरतो. तिसरा गठ्ठा ठेवींचा, म्हणजे मंडळाला दिलेली बँक गॅरंटी. अटी पाळल्या तर ती परत मिळते, मोडल्या तर जप्त होते. ती शुल्क नव्हे. चौथा विम्याचा. सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ चा आहे. घातक पदार्थ ठरावीक प्रमाणाच्या वर हाताळणाऱ्याला हा विमा घ्यावाच लागतो आणि हप्त्याइतकीच रक्कम पर्यावरण मदत निधीत भरावी लागते. पाचवा गठ्ठा दंडाचा. तो रिकामा असेल अशी आशा करू.

हे वेगळं केलं की एक गोष्ट हमखास दिसते. वर्षभराच्या तपासणीखर्चातला मोठा वाटा बऱ्याचदा दुसऱ्या गठ्ठ्याचा असतो. लिफ्ट-हॉइस्टची तपासणी सहा महिन्यांतून एकदा, क्रेन आणि चेनब्लॉकसारख्या उचलयंत्रांची वर्षातून एकदा, प्रेशर व्हेसलची बाहेरून सहामाही आणि आतून वार्षिक. लोक सरकारच्या फीवर चिडतात आणि इकडे एकाच कॉम्पिटंट पर्सनला दहा वर्षं दर न विचारता चेक देतात.

कुठलं खातं काय मोजतं

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, आपल्या भाषेत 'डिश', दोन आकडे धरतं: बसवलेली एचपी आणि वर्षातल्या कोणत्याही एका दिवशी कामावर असलेली जास्तीत जास्त माणसं. महाराष्ट्र कारखाने नियम १९६३ मधला तक्ता असाच आहे. एका बाजूला एचपीचे टप्पे, दुसऱ्या बाजूला माणसांचे आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे तुमची रक्कम.

चुका इथेच होतात. एचपी म्हणजे बसवलेली, वीजबिलावरची नव्हे. वीजबिलावर केव्हीए असतो आणि तो तुम्ही मागितलेल्या भाराचा. नेमप्लेट किलोवॅटमध्ये असेल तर ०.७४६ नं भागा. ४० किलोवॅटची मोटर म्हणजे जवळजवळ ५४ एचपी. माणसांच्या आकड्यात ठेकेदाराची माणसं येतात. कारखाने कायद्यातली 'कामगार' शब्दाची व्याख्या ठेकेदारामार्फत आलेल्यालाही धरते. लायसन्सवर ४० माणसं आणि शटडाउनच्या आठवड्यात ठेकेदाराची तीस अजून आली, तर त्या वर्षाचा आकडा ७० आहे. हजेरीपट ठेकेदाराकडे असतो म्हणून मालकाला हे आठवतच नाही. गेटवरच्या रजिस्टरला मात्र सगळं आठवतं.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ रुपये मोजतं. कन्सेंटचं शुल्क एकूण भांडवली गुंतवणुकीच्या टप्प्यांवर बसतं: जमीन, इमारत, यंत्रं, घसारा वजा न करता. त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र लागतं आणि सीएला नेमकं काय हवंय ते सांगावं लागतं. नाहीतर तो ताळेबंदातली घसारा वजा केलेली रक्कम उतरवून देतो, अर्ज परत येतो आणि तीन आठवडे वाया जातात. शुल्क वार्षिक दरानं, जेवढ्या वर्षांची संमती मागाल तेवढ्या पटीत. मधेच नवीन लाइन टाकली, गुंतवणूक वरच्या टप्प्यात गेली, तर फरक भरावा लागतो.

मंडळाची आणखी एक पावती लोकांना दचकवते: जेव्हीएसचं, म्हणजे नमुना तपासणीचं बिल. अधिकारी येऊन सांडपाण्याचा किंवा धुराड्याचा नमुना घेतात, तो प्रयोगशाळेत जातो आणि पृथक्करणाचे पैसे कारखान्याला भरावे लागतात. हे वर्षाच्या शुल्कात धरलेलं नसतं. लाल गटातल्या (सर्वाधिक प्रदूषणाच्या) कारखान्यानं यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवलेली बरी.

बॉयलरचं सोपं आहे. तिथे रेटिंग म्हणजे तापणाऱ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. ते नोंदणीच्या वहीत एकदा लिहिलं जातं आणि बॉयलर बदलेपर्यंत बदलत नाही. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला, तरी हे तत्त्व तेच आहे.

आणि पेसो. पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं देशाचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. १८९८ पासून चालत आलेलं हे खातं. काटोल रोड-अमरावती रोडच्या बाजूला स्फोटकांचे कारखाने आहेत, त्यांची सगळी कागदं इथूनच फिरतात. देशभरची माणसं फाईल घेऊन नागपूरला येतात आणि इथल्या कारखानदाराला पेसोचा पत्ता विचारला तर तो डोकं खाजवतो. पेसोचं शुल्क परवान्याच्या प्रकारावर आणि साठ्यावर: लिटर, किलो, टाकीची क्षमता. २०२४ मध्ये पेसोच्या परवाना शुल्कात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना ५० टक्के आणि महिला उद्योजकांना ८० टक्के सवलत जाहीर झाली. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र अर्जासोबत न जोडल्यामुळे पूर्ण पैसे भरलेला माणूस मी पाहिला आहे.

उंबरठे: ९९० लिटरची टाकी

बुटीबोरीत कुठल्याही कारखान्याच्या मागच्या बाजूला जा. जनरेटरशेजारी डिझेलची टाकी असेल आणि तिच्यावर बहुधा ९९० लिटर असं लिहिलेलं असेल. हजार का नाही? पेट्रोलियम कायद्यात ब वर्गाचं पेट्रोलियम, म्हणजे २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान ज्याची वाफ पेट घेऊ शकते असं इंधन, एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकाही भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर परवाना लागत नाही. डिझेल यातच येतं. टाकी बनवणाऱ्यांनी कायदा वाचला आणि दहा लिटर कमी केले.

शुल्काच्या तक्त्यानं यंत्राचा आकार ठरवला, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. यात गैर काही नाही. पण कारखाना वाढतो, दुसरा जनरेटर येतो, त्याच्याशेजारी दुसरी ९९० ची टाकी बसते, मग तिसरी. तिसऱ्या टाकीला एकूण २,९७० होतात आणि उंबरठा ओलांडलेला असतो. प्रत्येक टाकी कायद्यात बसते, एकूण साठा बसत नाही.

घातक रसायनांचे उंबरठे याहून महाग पडतात. १९८९ चे घातक रसायनांचे नियम भोपाळनंतरचे, म्हणजे २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतरचे. महाराष्ट्रानं त्याला जोडून २००३ मध्ये स्वतःचे मोठ्या अपघातांच्या नियंत्रणाचे नियम केले. प्रत्येक रसायनाला दोन उंबरठे आहेत. क्लोरीनला १० टन आणि २५ टन, अमोनियाला ६० टन आणि ६०० टन. खालचा ओलांडला की जागेची सूचना द्यायची, आपत्कालीन आराखडा करायचा, दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यायची. वरचा ओलांडला की सुरक्षा अहवाल आणि बाहेरच्या तज्ज्ञाकडून दरवर्षी सेफ्टी ऑडिट. शुल्कापेक्षा हा खर्च कितीतरी मोठा, म्हणून उंबरठ्याच्या अलीकडे राहायची सगळ्यांची धडपड असते.

क्लोरीनचा टोनर, म्हणजे मोठा सिलिंडर, ९०० किलोचा. अकरा टोनर म्हणजे ९.९ टन. कागदावर अगदी बरोबर बसतं. पण रिकामे टोनर नेणारा ट्रक उशिरा येतो आणि भरलेले घेऊन येणारा वेळेवर. त्या दोन दिवसांत यार्डात भरलेले तेरा टोनर उभे असतात. नियम 'कोणत्याही वेळी' असलेला साठा बघतो, महिन्याची सरासरी नव्हे. आणि साठा दोन शेडमध्ये वाटून ठेवला तरी सुटका नाही: एकाच मालकाच्या जागा एकमेकींपासून ५०० मीटरच्या आत असतील तर बेरीज एकच धरतात. रस्त्यापलीकडचा प्लॉट घेऊन तिथे अर्धा माल हलवणाऱ्यांनी आधी नकाशावर पट्टी ठेवावी.

उलट बाजूही सांगतो. कळमन्याकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काही टन अमोनिया असतो. ६० टनांच्या कितीतरी खाली. म्हणून तिथली गळती सौम्य असते का? मिरच्यांची पोती लावणाऱ्या हमालाला विचारा. उंबरठ्याखाली असणं ही शुल्काच्या तक्त्यातली जागा आहे, सुरक्षेचा दाखला नाही.

तक्त्यातले रुपये येतात कुठून

इथे थोडं थांबतो, कारण हाच भाग कोणी समजावून सांगत नाही.

कर आणि शुल्क यांत कायद्यानं फरक आहे. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो मांडला: कर सर्वांसाठी, शुल्क दिलेल्या सेवेबद्दल. मग कारखानदार कोर्टात गेले की इन्स्पेक्टर तर येतच नाही, शुल्क कशाचं? दिल्ली क्लॉथ मिल्सच्या खटल्यात हाच मुद्दा होता, कारखान्याच्या लायसन्सच्या फीचा. गोळा झालेल्या फीपैकी सुमारे ६० टक्के रक्कम कारखान्यांसाठीच्या कामावर खर्च होते असं दिसलं आणि न्यायालयानं फी कायम ठेवली. पुढे १९८३ मध्ये श्रीनिवास जनरल ट्रेडर्सच्या निकालात आणखी स्पष्ट झालं की रुपयाला रुपया हिशेब जुळायची गरज नाही, ढोबळ संबंध पुरे. नुसतं नियमन करण्यासाठीच्या शुल्काला तर सेवेची अट आणखी सैल.

याचा व्यवहारातला अर्थ असा: "या वर्षी तपासणीच झाली नाही, पैसे परत द्या" हा युक्तिवाद चालत नाही. "एका वर्षात फी चौपट केली, खात्याचा खर्च तर तेवढाच आहे" हा चालू शकतो.

दुसरी पद्धत तासाची. ब्रिटनमध्ये मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या कारखान्यांकडून निरीक्षकाच्या तासांचे पैसे घेतात. शिवाय १ ऑक्टोबर २०१२ पासून तिथल्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेनं इतर कारखान्यांसाठीही एक नियम आणला: तपासणीत कायद्याचा ठळक भंग सापडला, तर तो शोधण्यात, पत्र लिहिण्यात आणि पाठपुराव्यात गेलेल्या तासांचं बिल कारखान्याला. सुरुवातीचा दर ताशी १२४ पौंड. काही सापडलं नाही तर बिल नाही.

तासाचा दर काढायची रीत कुठेही एकच. समजा एका निरीक्षकावर पगार, निवृत्तिवेतन, गाडी, कार्यालय, प्रयोगशाळा धरून वर्षाला २२ लाख खर्च होतात. वर्षातले सुट्टी-रजा वजा जाता कामाचे दिवस २२०, तास १,७६०. त्यांतून प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा, बैठका, प्रवास काढले की कारखान्यांच्या नावावर लिहिता येतील असे १,१०० उरतात. दर झाला ताशी २,००० रुपये. आकडे माझे आहेत, गणित खरं. सगळा वाद त्या १,१०० वर होतो. खातं म्हणणार तास कमी, कारखानदार म्हणणार जास्त.

मला स्वतःला तासाची पद्धत आपल्याकडे नको वाटते. जो दोष शोधतो त्याच्याच खात्याला दोष सापडल्याचे पैसे मिळाले तर संशयाला जागा राहते. ब्रिटनमध्येही बिलावरची तक्रार त्याच यंत्रणेनं ऐकायची का यावर कायदेशीर आव्हान उभं राहिलं आणि २०१७ मध्ये तक्रार स्वतंत्र मंडळापुढे नेण्याची सोय करावी लागली.

तिसरी पद्धत गुणांची आणि ती मला सगळ्यांत आवडते. इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेनं २०१८ पर्यंत 'ऑप्रा' नावाची पद्धत चालवली. कारखाना किती गुंतागुंतीचा, वस्ती किती जवळ, काय बाहेर पडतं, आधीची वागणूक कशी, यांचे गुण. वागणुकीचे अ पासून फ पर्यंत सहा पट्टे. पहिल्याला थोडी सूट, शेवटच्याला तिप्पट. अमेरिकेत आणखी एक पद्धत आहे: १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यात दर टन प्रदूषकामागे २५ डॉलर हा पायाभूत दर घातला, तो महागाईप्रमाणे वाढतो. आपल्या तक्त्यांत धुराड्याखालचं गाव आणि ओसाड माळ यांना एकच एचपी, एकच फी.

वर्षाचं अंदाजपत्रक कसं करायचं

दिवाळीनंतरचा आठवडा यासाठी चांगला, कारण जुनी लायसन्स ३१ डिसेंबरला संपतात. एका कागदावर पाच आकडे लिहा: बसवलेली एचपी, वर्षातली सर्वाधिक माणसं, घसारा न धरता गुंतवणूक, बॉयलरचं रेटिंग आणि प्रत्येक घातक पदार्थाचा सर्वाधिक साठा. प्रत्येकासमोर लायसन्सवरचा आकडा आणि आजचा खरा आकडा. फरक असेल तिथे दुरुस्तीचा अर्ज आधी, नूतनीकरण नंतर. घाईत उलट केलं की दोनदा चलान.

मग तारखा: घातक कचऱ्याचा वार्षिक परतावा ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत. यांना शुल्क नाही, पण हे चुकले की पुढच्या कन्सेंटला अडतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे आणि १९४८ चा कारखाने कायदा तिच्यात विलीन झाला. संक्रमणाच्या काळात जुन्या नियमांचा आधार चालू ठेवला आहे. म्हणून मागच्या वर्षीच्या पावतीवरून रक्कम उचलू नका. चलान काढायच्या दिवशी पोर्टलवरचा तक्ता बघा आणि त्या पानाची प्रिंट चलानामागे टाचा. पुढे कोणी कमी भरल्याचं म्हटलं तर त्या दिवशीचा दर हातात असतो.

दर वाढणार असेल तर

कारखान्याच्या लायसन्स-शुल्काचे नियम बदलण्याआधी मसुदा राजपत्रात येतो आणि हरकतींसाठी ठरावीक दिवस मिळतात. बहुतेकांना ही बातमी वाढ लागू झाल्यावर कळते. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या उद्योग संघटनांनी एका माणसाला महिन्यातून एकदा राजपत्र चाळायचं काम लावलं तर पुरे.

हरकत लिहिताना "उद्योग आधीच अडचणीत" ने सुरुवात करू नका, ते कोणी वाचत नाही. तीन गोष्टी लिहा. जुना दर आणि नवा दर, टप्प्यानुसार, टक्क्यांत. आपल्या टप्प्यातल्या कारखान्याला नव्या दरानं किती पडतील, स्वतःच्या कारखान्याचं खरं उदाहरण. आणि पर्याय: टप्पे लहान करा, किंवा वाढ तीन वर्षांत विभागा, किंवा अपघातमुक्त कारखान्याला सूट द्या. पर्याय दिलेली हरकत टिपणीत जाते, नुसती ओरड फाईलच्या शेवटी.

हिंगण्याच्या त्या मालकांनी फरक भरला, थोडी कुरकुर करत. मग शेडच्या दाराशी एक वही दोरीनं बांधली आणि प्रत्येक मोटारीवर पिवळ्या रंगानं नंबर टाकून घेतला. गेल्या महिन्यात त्यांच्या इलेक्ट्रिशियनचा फोन आला, "साहेब, नवीन ब्लोअर बसवला जी. साडेसातचा. वहीत लिहून टाकू ना?"